पाठ झाकणारा गाऊन

समजा, तुम्हाला एक कपडा शिवायला सांगितलाय. माप मिळणार नाही, कारण तो कुणा एकासाठी नाहीच. आज एखाद्या धिप्पाड माणसाच्या अंगावर चढेल, धुऊन आला की एखाद्या काडीसारख्या आजीच्या. घालणारा बहुतेक वेळा आडवा असेल. त्याच्या एका हाताला सलाईन लावलेलं असेल, म्हणजे डोक्यातून घालायचा कपडा बाद. पुढून बटणं लावावीत तर ती छातीला रुततात आणि तपासणाऱ्याच्या आड येतात. शिवाय धुलाईत कपडा उकळत्या पाण्यातून निघणार, तेव्हा नाजूक काही चालणार नाही. आता बेता पाहू. थोडं डोकं खाजवलंत की तुम्हीही तिथंच येऊन पोचाल, जिथं आजवर सगळे पोचलेत: पुढून सलग कापड, रुंद बाह्या आणि पाठ उघडी. मानेशी एक बंद, कमरेशी एक बंद. झाला पेशंटचा गाऊन.

असे गाऊन शिवण्यात आणि फाटलेले नीट करण्यात तिचा दिवस जायचा. इस्पितळाच्या तळघरात, धुलाईच्या शेजारी, शिवणाची खोली होती. डोक्यावरून गरम पाण्याचे पाइप गेलेले, त्यामुळे थंडीतही तिथं स्वेटर लागत नसे आणि उन्हाळ्यात माणूस वाफेच्या भांड्यात ठेवल्यासारखा व्हायचा. मशीनं दोन होती. एक चालायचं, दुसरं त्याला सुटे भाग पुरवायचं. रोज सकाळी धुलाईवाला मामा जाड कापडाची पिशवी आणून दारात आपटायचा आणि म्हणायचा, "घ्या शिवणताई, तुमचे पेशंट आले."

आणि खरंच, तिचे पेशंट तेच. कुणाची बाही उसवलेली, कुणाचा गळा फाटलेला. पण सगळ्यात जास्त तुटून यायचे ते कमरेचे बंद. इतके का तुटतात, हे तिला बरीच वर्षं कळलं नव्हतं. कापड कच्चं असेल म्हणून ती दुहेरी टीप मारायची आणि पिशवी परत पाठवायची. वर वॉर्डात जायचं कामच पडत नसे.

शिवण तिला दादानं शिकवलं. आईवडील लवकर गेले तेव्हा दादाला मिसरूड फुटत होतं आणि ही कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर झोपण्याएवढी होती. रस्त्यावर दुकान, दुकानामागे खोली, खोलीमागे नळ, एवढाच संसार. अंगानं बारीक आणि बोलायला टोकदार म्हणून दादानं तिचं नाव टाचणी ठेवलं. ती संसाराला लागली, तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी नाव तेच. दादा स्वतः मात्र एकटा राहिला. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "गावातल्या सगळ्या नवरदेवांची मापं घेतली. माझं घ्यायला कुणी रिकामं सापडलं नाही."

कोट शिवण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता आणि कोट तो पाठीकडून सुरू करायचा. "समोरून काय, माणूस आरशात बघून घेतो," तो म्हणायचा. "पाठ त्याला दिसत नाही. ती त्यानं आपल्या भरवशावर सोडलेली असते, टाचणे." एकदा एक घाईतलं गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, मागे थोडा झोळ राहिला तर राहू द्या, मागून कोण बघतंय?" दादानं टाचण्या तोंडातून काढल्या आणि म्हणाला, "तुमच्याशी भांडून जे मागे उभे असतात ते सगळे." गिऱ्हाईक हसलं आणि गपगुमान उभं राहिलं. नवा कोट घालून माणूस दुकानातून निघाला की दादा दारात येऊन त्याच्याकडे बघत राहायचा. गिऱ्हाईक कोपऱ्यावर वळेपर्यंत. त्याची मजुरी पैशात मिळायची ती मिळायचीच, पण खरी मजुरी म्हणजे त्या कोपऱ्यापर्यंत दिसणारी पाठ.

मग तयार कपड्यांची दुकानं आली, दादाची नजर मंदावली आणि दुकानाचं शटर एक दिवस खाली आलं ते आलंच. तिला इस्पितळात काम लागलं. दादा तिच्याकडेच राहायला आला आणि घरात सगळ्यांच्या पडद्यांना, उशांना, दप्तरांना नावं ठेवत सुखानं दिवस काढू लागला.

त्याच्या पोटाचं ऑपरेशन त्याच इस्पितळात झालं. ऑपरेशन चांगलं झालं, सगळे खूश होते. आता फक्त त्यानं उठून चालायला हवं होतं. पलंगावर पडून राहिला तर छाती भरेल, पायात रक्ताच्या गुठळ्या होतील, हे डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं. दादानं मान डोलावली आणि भिंतीकडे तोंड केलं. व्यायाम करून घेणारी मुलगी आली की त्याला चक्कर यायची. ती गेली की चक्कर जायची. दुसऱ्या दिवशी गुडघा, तिसऱ्या दिवशी "जेवण नुकतंच झालंय." शेजारच्या पलंगावर एक निवृत्त ट्रकड्रायव्हर होता, त्याला सगळे काका म्हणायचे. तो ओरडायचा, "अहो मास्तर, गाडी गॅरेजमधून सुटलीय, आता तरी पहिला गिअर टाका!" दादा हसायचा, पण पलंग सोडायचा नाही.

ती घाबरली. असा हट्टी दादा तिनं पाहिला नव्हता. ऑपरेशनमुळे त्याचं मन खचलं असेल, जगायचीच इच्छा उरली नसेल, असलं काहीबाही मनात येऊन तिच्या हाताखालची टीप वाकडी जायला लागली.

मग एकदा दुपारच्या सुट्टीत ती न सांगता वर गेली. भेटायची वेळ नुकतीच सुरू झाली होती, कॉरिडॉरमध्ये माणसांची ये-जा होती. आणि समोरून दादा येत होता. संडासला जाऊन, एकटाच. एका हातानं सलाईनचा खांब ढकलत होता. दुसरा हात पाठीमागे नेऊन त्यानं गाऊनच्या दोन्ही कडा मुठीत आवळून धरल्या होत्या. कमरेचा बंद तुटून लोंबत होता. एक कुटुंब आत येत होतं. त्यातल्या आईनं आपल्या लहान मुलीचं तोंड हळूच दुसरीकडे वळवलं. वाईट हेतूनं नाही, सभ्यपणानंच. दादानं ते पाहिलं. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, थकलेल्या माणसानं टेकावं तसा, आणि ते पुढे जाईपर्यंत छताकडे बघत राहिला.

मग त्याला ती दिसली. मूठ न सोडता तो म्हणाला, "बाहीची टीप बघितली. सरळ आहे हं, टाचणे."

गाऊन तिच्याच हातचा होता.

तिनं त्याला पलंगावर नेलं, चादर ओढली. मग म्हणाली, "चक्कर येत नाही ना तुला?"

"नाही."

"मग सांगायचंस की."

"काय सांगू? पोरीसोरी आहेत त्या सिस्टर. जीव वाचवला त्यांनी. त्यांना काय सांगू, की माझी पाठ झाका?"

त्या दिवशी खाली उतरताना ती जिन्यापाशी थांबली. तिथं भिंतीवर एक फलक होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की इथं प्रत्येक रुग्णाला मानवी प्रतिष्ठेनं वागवलं जाईल. ती रोज त्याच्याखालून जायची. पहिल्यांदा तिनं तो पूर्ण वाचला. पुढं हे दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "प्रतिष्ठा आहे ना फलकावर? मग तिला म्हणावं, जरा खाली उतर आणि मला मागून धर."

ती मेट्रनबाईंकडे गेली. मेट्रनबाई करारी, पण ऐकून घेणाऱ्या.

"त्यांना पायजमा देता येणार नाही का, बाई?"

"पोटातून नळी आहे त्यांच्या. जखमेला घासेल."

"मग दोन गाऊन? एक असा, एक उलटा, वरून."

"दिले असते, शिवणताई. पण धुलाईतून येतात ते एकेकालाच पुरत नाहीत. एकाला दोन दिले तर दुसरा कोण उघडा ठेवू?"

ती जायला वळली. ती दाराशी पोचली तेव्हा मेट्रनबाई कागदातून डोकं वर न काढता म्हणाल्या, "दुरुस्त न होणारे गाऊन फरशी पुसायला जातात. त्यांचं पुसणं व्हायच्या आधी तुम्ही काही केलंत, तर मी काही ते बघायला खाली येत नाही."

मग ती दादाचं माप घ्यायला गेली. सगळं शिवण ज्यानं शिकवलं, त्याचं माप तिनं कधी घेतलं नव्हतं. टेप काढल्यावर दादा उठून बसला, सवयीनं ताठ झाला. खांदे किती आत आले होते! ती आकडा मोठ्यानं वाचायची ते मनातल्या मनात वाचायला लागली. दादा म्हणाला, "मोठ्यानं सांग. गिऱ्हाईकाला घाबरतात का?"

तिनं तीन फाटक्या गाऊनांतून एक गाऊन बेतला. पाठीचे दोन्ही भाग रुंद काढले, एकावर एक येतील असे. आतल्या भागाचा बंद उजव्या शिवणीत ठेवलेल्या फटीतून बाहेर आणला आणि पोटाला वळसा घालून डाव्या कुशीवर दुसऱ्या बंदाला बांधायचा केला. नळीसाठी पुढे वेगळी फट ठेवली. मानेशी बंद ठेवलाच नाही; डॉक्टरांना तपासायचं असलं की कुशीवरचे बंद सोडून पुढचा भाग खांद्यावरून खाली घेता यायचा. दादानं तो हातात घेतला, आधी उलटा करून आतली शिवण बघितली, मग चष्म्यावरून तिच्याकडे.

"बाही चढवताना घाई केलीस."

"घालतोस का आता?"

त्यानं घातला. कुशीवरचे बंद स्वतः ओढले आणि गाठ मारली. नेहमीसारखी, पक्की निरगाठ. शिंप्यानं मारलेली गाठ सुटता कामा नये, हा त्याचा जन्माचा हट्ट. मग सलाईनचा खांब धरून तो चालायला लागला. पलंगांच्या मधून, दारातून बाहेर, कॉरिडॉरच्या टोकाला खिडकी होती तिकडे. हळू, पण दोन्ही खांदे मोकळे सोडून. माणसं जात होती, येत होती, त्यांच्याकडे तो बघत होता, कुणाला मान हलवून ओळखही देत होता. ती वॉर्डाच्या दारात उभी राहून त्याची पाठ बघत राहिली. तो खिडकीपाशी पोचून वळेपर्यंत.

आतून काका ओरडले, "आम्हालाही एक! रंग कुठलाही चालेल!"

पुढचे काही दिवस म्हणजे दुकानाचं शटर पुन्हा वर गेल्यासारखे होते. दादाचा पलंग म्हणजे काउंटर. चालता येणारे पेशंट येऊन त्याच्या गाऊनचं कापड चिमटीत धरून बघायचे. दादा पडल्या पडल्या नुसत्या नजरेनं मापं सांगायचा आणि ते आकडे घेऊन ती खाली जायची. काकांचा गाऊन झाला तेव्हा ते वॉर्डभर एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "मास्तर, असा कपडा लग्नात मिळाला असता तर बायको सासरी टिकली असती!" दादा इतका हसला की पोटाचे टाके धरून सिस्टरला बोलवावं लागलं. व्यायामाची मुलगी आता त्याला बसवून ठेवायला यायची. "आजोबा, पुरे! खिडकी पळून जात नाही." कॉरिडॉरच्या त्या खिडकीतून समोरच्या रस्त्याचा कोपरा दिसायचा. तिथं उभा राहून दादा येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे तपासायचा.

तो तिथंच पडला. भेटायच्या वेळेत, भरल्या कॉरिडॉरमध्ये. पायातली गुठळी वर सरकली होती. सुरुवातीचे जे कितीतरी दिवस तो झोपून राहिला, त्या दिवसांतली असावी, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मामा तिला बोलवायला धावत आला. मशीन तसंच टाकून ती जिने चढली तेव्हा दादा पडद्याआड होता आणि पडद्याखालून फक्त बुटांची धावपळ दिसत होती. मग ती धावपळ थांबली.

काही दिवसांनी ती कामावर परतली. सकाळी मामानं पिशवी आणून ठेवली. त्या दिवशी आपटली नाही, हळूच ठेवली आणि गेला. पिशवीत वरून तिसरा दादाचा गाऊन होता. धुऊन, उकळून, घडी घालून आलेला. फाटलेलं सगळं शिवणाच्या खोलीत जायचं, हा नियमच होता. नियमानं तो तिच्याकडे आला होता. गळ्यापासून खालच्या काठापर्यंत पुढून कापलेला, एका दमात, सरळ. कुशीवरची निरगाठ तशीच घट्ट होती. उकळत्या पाण्यालाही सुटली नव्हती.

दुपारी वॉर्डातली एक सिस्टर खाली आली. अगदी तरुण, डोळे सुजलेले. दारातच उभी राहिली.

"शिवणताई, गाठ सुटत नव्हती हो. मी मानेशी बंद शोधत बसले, तिथं नव्हता, मग कुशीवर... कापावाच लागला. छाती मोकळी करायची होती."

"बरोबर केलंत तुम्ही," ती म्हणाली. आणि ते तिला मनापासून वाटत होतं. "त्याची गाठ मलाही कधी सुटली नाही."

सिस्टर रडायला लागली. तिनं तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. ओठांवर एक प्रश्न आला होता. पण समोर रडणाऱ्या पोरीला तो विचारला असता तर तो आरोप झाला असता. तिनं तो गिळला. सिस्टर पाणी पिऊन गेली, आणि पुढच्याच महिन्यात नोकरी सोडून दुसऱ्या शहरात गेली. कुठल्या, ते कुणाला नीट माहीत नव्हतं.

मेट्रनबाई एक दिवस खरंच तळघरात आल्या. त्यांनी काकांचा गाऊन हातात धरला होता. काका बरे होऊन घरी गेले होते.

"हा चालणाऱ्या पेशंटांसाठी ठेवायचा म्हणते मी," त्या म्हणाल्या. "पण एका ओढीत सुटला पाहिजे. आणि बंद कुठं आहे ते लांबून दिसलं पाहिजे."

तिनं बंद लाल कापडाचे केले. सुरगाठ कशी मारायची, ते प्रत्येक वॉर्डात जाऊन दाखवलं. पाठ झाकणारे गाऊन हळूहळू पिशवीत यायला लागले आणि त्यांचे बंद तुटेनासे झाले. आता कमरेचे बंद पूर्वी का तुटायचे हे तिला पुरतं कळलं होतं. माणसं ते मुठीत धरून चालायची.

त्याच भेटीत, मेट्रनबाई जायला निघाल्या तेव्हा, तिनं गिळलेलं थोडं बाहेर काढलं.

"बाई, तो पडला तेव्हा कॉरिडॉरमध्ये खूप लोक होते ना?"

मेट्रनबाई थांबल्या. काय विचारायचंय ते त्यांना समजलं असावं.

"त्यांना शुद्ध नव्हती, शिवणताई. त्यांना काहीच कळलं नाही."

"त्याला कळत नव्हतं. पण होता तर तोच ना तिथं?"

"होता," मेट्रनबाई म्हणाल्या. "आमच्याकडे आधी श्वास, मग पडदा. उलटं केलं असतं आणि तेवढ्यात ते गेले असते, तर तुम्ही आम्हाला क्षमा केली असतीत?"

नसती केली. तिनं तसं सांगितलंही. मेट्रनबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या जिना चढून गेल्या.

तेव्हापासून बराच काळ लोटलाय. तिच्या हाताखाली आता दोन बायका काम करतात, दुसरं मशीनही सुरू झालंय. दुपारच्या सुट्टीत ती कधी कधी वर जाते. कुणी आजोबा खिडकीकडे चाललेले असतात, लाल बंद कुशीवर हलत असतात. दादानं एकदा तरी हे बघायला हवं होतं, असं तिला वाटतं. बाहीला नावं ठेवली असती, तरी चाललं असतं. त्यानं नावं ठेवावीत म्हणून तर ती अजून बाही चढवताना मुद्दाम थोडी घाई करते.

पण ते एक तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. मामाला विचारलं, तो म्हणाला, एवढ्या घाईत कुणाचं लक्ष होतं. दुसऱ्या सिस्टर म्हणाल्या, टाकलीच असेल की, टाकतातच. 'असेल' नको होतं तिला. त्या सिस्टरचा पत्ता मिळाला तर ती स्वतः जाईल, चहा घेऊन देईल, आधी तिची खुशाली विचारेल, आणि मग आवाजात कसलाही काटा न ठेवता एवढंच विचारेल: कात्री चालल्यापासून पडदा ओढेपर्यंत, त्या सगळ्या माणसांमध्ये, माझ्या दादाच्या अंगावर कुणी चादर टाकली होती का?